तक्रार पत्र: करारात ४० मि.मी., जागेवर ३१

प्रति,
मा. प्रकल्प व्यवस्थापक,
डांबरीकरण विभाग

विषय: व्यापारी संकुलाच्या पार्किंगवर व मालवाहू मार्गावर टाकलेला सदोष डांबरी थर काढून नव्याने टाकून देण्याबाबत

महोदय,

संकुलाच्या आवारातील २,४०० चौ.मी. जुन्या डांबरी पृष्ठभागावर आपल्या कंपनीने नवा थर टाकला, त्याविषयी ही लेखी तक्रार आहे. तोंडी तक्रार केली तेव्हा आपल्या पर्यवेक्षकांनी ‘तडे भरून वरून सीलकोट मारून देतो’ असा, म्हणजे वरून पातळ संरक्षक लेप देण्याचा, तोडगा सुचवला. तो आम्हाला मान्य नाही. त्याची कारणे मोजमापांसह देत आहोत.

आधी जाडी, कारण बाकीचे निम्मे दोष तिथूनच निघाले आहेत. करारात दाबून झालेल्या थराची जाडी ४० मि.मी. आहे. नीट दाबलेल्या मिश्रणाची घनता घनमीटरला २.३५ टन धरली, तर एका चौरस मीटरला सुमारे ९४ किलो आणि पूर्ण क्षेत्राला साधारण २२५ टन माल लागतो. आपणच दिलेल्या वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज १६८ टन होते. एवढ्या मालात सरासरी ३० मि.मी. थर बसतो, दाब कमी पडला असे गृहीत धरून घनता २.२ घेतली तरी ३२ मि.मी.च्या आसपास. त्यानंतर स्वतंत्र प्रयोगशाळेकडून सहा ठिकाणी कोअर (थर आरपार कापून काढलेले गोल नमुने) काढून घेतले. त्यांची जाडी २८, ३३, २६, ३४, ३१ आणि ३५ मि.मी. भरली. एकही कोअर चाळिशीला पोचत नाही. कागद आणि जागा दोन्हीकडून उत्तर एकच येत असल्याने ‘एखाद्या ठिकाणी कमी-जास्त होतंच’ हे स्पष्टीकरण इथे चालणार नाही.

कमी जाडी म्हणजे नुसता कमी माल नव्हे. मिश्रणातील खडीचा नाममात्र आकार १२.५ मि.मी. ठरला होता. थर खडीच्या किमान तिप्पट जाड असला तरच रोलरखाली दगड सरकून एकमेकांत बसतात. ४० मि.मी.त ते जमते. २६ किंवा २८ मि.मी.त दगड अडकतात, काही फुटतात आणि रोलरचा भार खालच्या मालाऐवजी उंच दगडांवरच राहतो. त्यात पातळ थर झपाट्याने निवतो. २५ मि.मी. थराला दाबण्यासाठी मिळणारा वेळ ४० मि.मी. थराच्या तुलनेत निम्माही नसतो. शेवटचे तीन ट्रक संध्याकाळी ताडपत्रीशिवाय आले आणि माल अंथरताना तापमान ११२ अंश सेल्सिअस होते, ही नोंद आपल्याच दैनंदिन अहवालात आहे. त्या भागात टायर रोलर पोचेपर्यंत थर कडक होऊ लागला असणार. प्रयोगशाळेच्या अहवालात पोकळ्यांचे प्रमाण १० ते १२ टक्के आले आहे, आणि तिथल्या पृष्ठभागावरून आत्ताच बारीक खडी सुटते आहे. पोकळ्या ८ टक्क्यांच्या वर गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात. पाणी आणि हवा आत शिरतात, डांबर लवकर ठिसूळ होते. बाहेरून मात्र थर काळाभोर आणि नवा दिसतो. आपले पर्यवेक्षक त्याच दिसण्यावर समाधानी होते.

दुसरा दोष टॅक कोटचा, म्हणजे जुना आणि नवा थर चिकटवणाऱ्या लेपाचा. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण ०.२५ किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) फवाऱ्याने सारखे बसायला हवे. जिथे मिलिंग (यंत्राने पृष्ठभाग खरवडणे) झाले आहे तिथे खाचांमुळे थोडे जास्त लागते. प्रत्यक्षात मिलिंगनंतरची भुकटी एकदाच झाडली गेली, कोपऱ्यांत ती तशीच राहिली, आणि निर्गमन मार्गाजवळ इमल्शन झारीने पट्ट्यापट्ट्यांनी ओतले गेले. ते तपकिरीचे काळे होण्याआधीच पेव्हर (माल अंथरणारे यंत्र) पुढे सरकला, त्यामुळे ट्रकच्या चाकांनी बराचसा टॅक कोट उचलून नेला. आपल्या माणसांनी कामाची प्रगती दाखवण्यासाठी काढलेल्या छायाचित्रांतच हे स्पष्ट दिसते. परिणाम असा की सहापैकी चार कोअर बाहेर काढतानाच जुन्या-नव्या थराच्या सांध्यावर सुटले आणि सांध्यावर कोरडी धूळ होती. जिथे गाड्या ब्रेक लावतात त्या अडथळा-दांड्याजवळ चंद्रकोरीच्या आकाराचे तडे पडले आहेत. वरचा थर खालच्यावरून घसरतो आहे, याची यापेक्षा उघड खूण नाही. असे तडे भरून काही साधत नाही, कारण दोष तड्यात नसून खाली चिकटपणाच नसण्यात आहे.

सर्वांत गंभीर बाब मालवाहू मार्गाची. माल उतरवण्याच्या फलाटासमोर १८० चौ.मी. भागात जुना पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा तडकला होता आणि पावसानंतर तड्यांतून करडा गाळ वर येत होता. गाळ वर येतो याचा अर्थ खालचा खडीचा पाया पाणी धरून मऊ झाला आहे. वरून कितीही डांबर टाकले तरी चाक गेले की तो दबतो. म्हणूनच करारात या भागासाठी पूर्ण खोलीची दुरुस्ती वेगळी लिहिली होती: खराब भागाच्या कडेपासून ३०० मि.मी. बाहेर करवतीने सरळ कापायचे, ओला पाया काढायचा, नवी खडी जास्तीत जास्त १५० मि.मी.च्या थरांत दाबायची, कापलेल्या उभ्या कडांना टॅक कोट लावायचा आणि डांबरी मिश्रण दोन थरांत भरायचे. आपण तिथे २० मि.मी. खरवडले आणि बाकी क्षेत्राप्रमाणेच थर ओढला. मिलिंगनंतर भरलेला ट्रक सावकाश फिरवून पृष्ठभाग कुठे लवतो हे पाहायचे होते, तेही झाले नाही. आज त्याच जागी तीच जाळी नव्या थरातून वर आली आहे. शिवाय तेलाचे जुने डाग न काढता त्यांच्यावरच थर टाकला. तिथला थर बोटाने दाबला तरी मऊ लागतो.

‘अवजड वाहने लवकर सोडल्याने हे झाले’ असे आपल्या उत्तरात म्हटले आहे. मालवाहू ट्रकांचा मार्ग आणि भार निविदेच्या नकाशातच दाखवला होता. रस्ता खुला करण्याचा निर्णयही पृष्ठभाग ६० अंशांखाली आल्यावर आपल्याच पर्यवेक्षकांनी घेतला. त्यामुळे ही जबाबदारी आमच्याकडे सरकवता येणार नाही.

पाण्याच्या निचऱ्याचीही तीच गत. गटाराच्या जाळ्यांच्या चौकटी आपण ४० मि.मी. हिशेबाने वर घेतल्या, पण थर कमी पडल्याने जाळ्या आता पृष्ठभागापेक्षा ८ ते १० मि.मी. वर आहेत. पाणी जाळीभोवती साचते आणि आधीच सच्छिद्र असलेल्या थरात जिरते. दुकानांच्या उंबऱ्यांलगत मिलिंग करून खाच घ्यायची होती, म्हणजे नवा थर पूर्ण जाडीत संपला असता. तिथे हाताने शून्यापर्यंत पातळ केलेली कड सोडली आहे आणि तिची खडी सुटून दाराशी येते. पार्किंगचे पट्टेही काही ठिकाणी वाकडे आहेत, पण तो किरकोळ भाग.

आता सीलकोटविषयी. सीलकोट म्हणजे हवा, पाणी आणि तेलापासून चांगल्या थराला जपणारा पातळ लेप. तो जाडी वाढवत नाही, सुटलेला थर चिकटवत नाही, मऊ पाया घट्ट करत नाही. नव्या डांबरावर तो काही महिने थांबूनच लावायचा असतो, हे आपल्याला सांगायला नको. आत्ता लावला तर फक्त तडे झाकले जातील आणि हमीचा काळ त्या काळ्या रंगाखाली निघून जाईल. सध्याच्या थरावर आणखी एक थर टाकण्याचा पर्यायही आम्हाला नको: ९ मि.मी.ची तूट भरणारा एवढा पातळ थर टाकताच येत नाही, आणि ४० मि.मी. टाकला तरी घसरणारा सांधा खाली तसाच राहतो. उंबरे आणि जाळ्यांची पातळी बिघडेल ते वेगळेच.

म्हणून मागणी अशी: नवा थर मिलिंग करून पूर्ण काढावा. खरवडलेला माल आपल्या प्रकल्पात पुन्हा वापरता येतो, तो आपण न्यावा. १८० चौ.मी. भागाची पूर्ण खोलीची दुरुस्ती करारातील क्रमाने करावी आणि खड्डा भरण्याआधी पाया आमच्या प्रतिनिधीला दाखवावा. उरलेल्या पृष्ठभागावर भरलेला ट्रक फिरवून लवचीक जागा खुणेने दाखवाव्यात. त्या १८० चौ.मी.बाहेर निघाल्या तर त्यांचे मोजमाप संयुक्तपणे करू. टॅक कोट फवारणी यंत्रानेच व्हावा, आणि तो काळा होईपर्यंत त्यावर वाहन जाऊ नये. अंथरताना माल १३० अंशांच्या खाली असलेला ट्रक परत पाठवला जाईल. थंड कडेला नवा पट्टा जोडताना जुनी कड उभी कापून तिला टॅक लावावा. पाऊस असेल किंवा पृष्ठभाग १० अंशांपेक्षा थंड असेल, तर त्या दिवशी काम नको.

स्वीकृतीसाठी सहा नवे कोअर दोन्ही बाजूंनी मिळून खुणा केलेल्या जागी काढले जातील. सरासरी जाडी ४० मि.मी. आणि एकही कोअर ३५ च्या खाली नको. घनता कमाल सैद्धांतिक घनतेच्या (एकही पोकळी नसलेल्या मिश्रणाच्या घनतेच्या) ९३ टक्क्यांपेक्षा कमी नको. तीन मीटरच्या सरळ पट्टीखाली ६ मि.मी.हून जास्त फट नको. टँकरने पाणी सोडून तासाभराने पाहू; डबके राहिले तर तो भाग नापास.

काम दोन टप्प्यांत करावे, म्हणजे अर्धे पार्किंग चालू राहील. मालवाहू मार्गाचे वेळापत्रक दुकानदारांशी ठरवण्यासाठी आम्हाला सात दिवस आधी सूचना हवी. हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत कार्यपद्धती आणि तारखा लेखी कळवाव्यात. तोवर शेवटचा हप्ता करारातील तरतुदीनुसार रोखून ठेवला आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर दुरुस्ती दुसऱ्या ठेकेदाराकडून करून घेऊ आणि खर्च त्या हप्त्यातून वळता करू. कोअरचे तुकडे आणि प्रयोगशाळेचा अहवाल संकुलाच्या कार्यालयात ठेवला आहे. आपल्या अभियंत्यांनी ते येऊन पाहावेत. सोबत वजनपावत्यांच्या मूळ प्रती आणाव्यात, आमच्याकडे छायाप्रतीच आहेत.

कळावे,

आपले,
व्यवस्थापन समिती,
व्यापारी संकुल