‘पुसू नये’ हे अक्षर जपल्याबद्दल

मिरजेचे टीव्ही-व्हीसीआरवाले काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या आईनं ‘अशी ही बनवाबनवी’ बाबांच्या कॅसेटवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं आणि पुढं मला बोलता येईना, म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचेत, कारण पुरात बुडालेली ही कॅसेट ‘गेली, सोडून द्या’ असं आम्हाला चारचौघांनीच ऐकवलं होतं.

सिनेमा 1988 चा. तो पाठ नसलेलं मराठी घर सापडणं अवघड. सरपोतदारांच्या सत्तर रुपयांचा नुसता उल्लेख केला तरी समोरचा माणूस हसायला लागतो, ही वसंत सबनीसांच्या संवादांची ताकद. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’ची, पण आपल्याला आठवतं ते पुणंच. डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते, आणि सगळा डोलारा अशोक सराफांचा धनंजय माने एकटा तोलून धरतो. कुणाचा अपमान नाही, कुणाला खाली पाडून हसवणं नाही. आजी आणि नातू शेजारी बसून बघू शकतात.

“मग मोबाईलवर बघा की, फुकट आहे,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी उत्तर द्यायचं सोडून दिलं. तुम्ही ते वाक्य एकदाही उच्चारलं नाहीत. त्यामुळं ते उत्तर आज तुम्हालाच देते.

आमची कॅसेट विकत घेतलेली नव्हती. दूरदर्शनवर सिनेमा लागला तेव्हा बाबांनी तो व्हीसीआरवर घेतला होता. जाहिरात आली की पॉज दाबायचा आणि सिनेमा परत सुरू झाला की सोडायचा, यासाठी ते टीव्हीपुढं सतरंजीवर मांडी घालून बसले होते. घरात कुणी बोलायचं नाही, असा हुकूम होता. पण बोट कधी लवकर पडायचं, कधी उशिरा. त्यामुळं आमच्या सिनेमात एका ठिकाणी साबणाच्या जाहिरातीचा अर्धा शब्द आहे, एका ठिकाणी बातम्यांच्या संगीताचा तुकडा आहे, आणि काही वाक्यं सुरुवातीला कापलेली आहेत. आम्हा भावंडांना सिनेमा पाठ झाला तो असाच, बाबांच्या बोटानं कापलेला. मोबाईलवर तो अखंड बघताना आई मध्येच म्हणाली, “हे वाक्य आपल्यात नव्हतं.” आणि तिनं फोन बाजूला ठेवला. आमच्या घरात बाबांचा आवाज कुठंच टेप केलेला नाही. फोटोही मोजकेच. त्यांचं असं जे काही उरलंय ते त्या कापाकापीत आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शोकेसच्या वरच्या फळीपर्यंत आलं. कॅसेटी तिथंच होत्या. ओसरल्यावर घरात जो गाळ होता त्याचं वर्णन सांगलीकरांना करायला नको. बाकीच्या कॅसेटी आम्ही गाळाबरोबर उचलून दिल्या, ही एक आईनं पदरात धरून ठेवली.

त्यानंतर आम्ही काय काय पाहिलं! पेठेतल्या एका दुकानदारानं कॅसेट हातातसुद्धा घेतली नाही, काउंटरवरूनच मान हलवली. पुण्यातल्या एका स्टुडिओनं पैसे आगाऊ घेतले, महिनोन्महिने फोन उचलला नाही, आणि शेवटी कुरिअरनं परत आलं ते खोकं उघडलं तर कॅसेटचं झाकण मोडलेलं आणि आतली टेप एका कडेला चुरगळलेली. गाळ तसाच होता, म्हणजे न धुताच कुठल्यातरी मशिनमध्ये घातली असणार. काम जमलं नाही याचा राग नाही. जमत नाही असं सरळ सांगितलं असतं तर आम्ही पैसेही मागितले नसते. राग आहे तो खोटं बोलण्याचा, आणि एका म्हाताऱ्या बाईला ‘होईल, होईल’ म्हणत झुलवत ठेवण्याचा.

तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, “होईलच असं म्हणत नाही, ताई. पण बिघडवणार नाही.” एवढं स्पष्ट आम्हाला तोवर कुणीच बोललं नव्हतं. मग तुम्ही मला कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवरची पांढरी बुरशी दाखवलीत आणि समजावलंत की मशिनमधला टेप वाचणारा ड्रम मिनिटाला 1500 फेरे फिरतो, त्यावर गाळाचा एक कण जरी अडकला तरी टेप खरवडून निघते, म्हणून आधी सफाई आणि मगच मशीन. अडीचशे मीटरच्या वर लांब टेप तुम्ही हातानं फिरवत पुसून काढलीत. तंतुवाद्यांच्या गावात तुमच्यासारखा हात सापडावा, यात मला नवल वाटत नाही. तुमच्या व्हीसीआरचे सुटे भाग आता मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं तेव्हाच तो धंदा जगभर संपला. तरी तुमची दोन मशिनं चालतात, कारण तिसऱ्या मशिनचे भाग तुम्ही काढून डबीत जपून ठेवलेत.

सफाई कशी केलीत त्याचं बाकीचं मला नीट कळलेलं नाही, आणि ते या पत्राचं कारणही नाही.

कारण आहे ते लेबल. टेप तुम्ही नव्या कवचात घातली होती, त्यासाठी तुमच्याकडची सीलबंद कोरी कॅसेट फोडली होतीत. जुनं कवच मोडकं, चिखलानं काळवंडलेलं. कुणीही ते टोपलीत टाकलं असतं. तुम्ही फोन केलात, “या जरा, लेबल काढायचंय. तुमच्यासमोरच काढतो.” मी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, “अक्षर कुणाचं?” मी म्हटलं, “वडिलांचं.” तुम्ही काही बोलला नाहीत. उठून पंखा बंद केलात, उकाड्यात. मग ओल्या कापडानं लेबलाची कडा भिजवत, चिमट्यानं एकेक धागा सोडवत बसलात. कागद इतका भुसभुशीत झाला होता की मला बघवत नव्हतं. बॉलपेनचं अक्षर म्हणून पुरातून वाचलं होतं: वरच्या ओळीत सिनेमाचं नाव, खाली ‘पुसू नये’, आणि त्याखाली बाबांची नेहमीची दुहेरी रेघ. लेबल टीपकागदावर उताणं ठेवून तुम्ही वाळेपर्यंत थांबलात. गिऱ्हाईक आलं तर त्याला खुणेनंच बाहेर थांबवलंत. नव्या कवचावर चिकटवताना ते जुन्यासारखंच जरा तिरपं लावलंत, हे मी पाहिलं.

आणि मग स्क्रूड्रायव्हरनं नव्या कवचाच्या पाठीवरची एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी तुम्ही तोडून टाकलीत. मी विचारलं, “हे काय?” तुम्ही म्हणालात, “म्हणजे यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. त्यांनी लिहिलंय ना, पुसू नये.”

काका, आज कोण कशावर रेकॉर्ड करतंय? जगात कुणालाच त्याची गरज नव्हती. पण मी न सांगता एका परक्या माणसानं माझ्या बाबांनी लिहिलेली सूचना पाळली. बिलात त्याचा एक रुपयाही नव्हता. मिरजेहून परत येताना बसमध्ये मी सबंध रस्ता रडत होते.

त्या पुरात आमच्या गल्लीनं दोन्ही तऱ्हेची माणसं पाहिली. पाण्याची बाटली दुप्पट भावानं विकणारेही पाहिले, आणि आईला पाठुंगळी मारून होडीपर्यंत नेणारी, नाव विचारलं तर ‘राहू द्या काकू’ म्हणून पुढच्या घरी निघून गेलेली पोरंही पाहिली. आपलं काम नीट करणारी, समोरच्याची वस्तू आपलीच समजून हाताळणारी माणसं कुठल्या शाळेत घडतात कोण जाणे. पण आपलं गाव, आपली पेठ, आपली एसटी चालते ती त्यांच्या जिवावर, असं मला मनापासून वाटतं. त्यांची नावं कुठल्या फलकावर येत नाहीत. तुमचंही येणार नाही. म्हणूनच हे लिहिणं मला टाळता येत नव्हतं.

आईबद्दल सांगते. ती अगदी पुढं खुर्ची ओढून बसली. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आला तशी म्हणाली, “गेला गं बिचारा.” तो आणि शंतनू झालेला सिद्धार्थ रे, दोघंही 2004 मध्येच गेले, हे तिला लख्ख आठवतं, सकाळी गोळी घेतलेली मात्र आठवत नाही. डोहाळजेवणाच्या गाण्याला तिनं टाळ्या धरल्या. साबणाचा तो अर्धा शब्द आला तेव्हा उरलेला अर्धा तिनं आणि माझ्या धाकट्या भावानं एकदम म्हटला आणि दोघं इतके हसले की शेजारच्या वहिनी बघायला आल्या. मग त्याही बसल्या. लिंबू रंगाच्या साडीपर्यंत खोलीत जागा उरली नव्हती.

कुरिअरवाल्या स्टुडिओला मी आता फोन करणार नाही. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. माझा मुलगा वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तुमच्या मागं हे काम कुणाला येत नाही, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात, ते त्याला सांगितलं. रविवारी यायला तो तयार आहे. झाडलोट सांगा, स्क्रू निवडायला बसवा, चुकला तर रागवा. पैशाचं काही नको. येत्या रविवारी सकाळी दहाला पाठवते. त्याच्या हातून आईनं केलेला भडंगाचा डबा येईल, तो तेवढा परत करू नका.

तुमची,
गावभागातली ताई