पाण्याची रेघ ओढून देणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी तीन फुटी काचेच्या टाकीत खाली आठ इंच पाणी आणि वर दगडमातीचा ओला उतार अशी पॅलुडेरियमची रचना केली, तेव्हा झाडांच्या बाबतीत मी सर्वस्वी दुकानदाराच्या शब्दावर विसंबलो होतो. ‘पाण्यातली झाडे’ म्हणून मिळालेले लकी बांबू आणि फिटोनिया मी पार बुडवून लावले. तीन आठवड्यांत पाण्याला कुबट वास येऊ लागला आणि गप्पी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. त्या संध्याकाळी आपण फिटोनियाची एक काडी उपटून चिमटीत धरून हलकेच ओढलीत. साल सुटून आली आणि आतला पांढरा दोरा तेवढा हातात राहिला. ‘हिला पाणी हवं, पण पायाशी, डोक्यावरून नको,’ असे आपण म्हणालात. सडत्या पानांमुळे पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि म्हणून मासे वर धाव घेतात, हे मला तेव्हा कळले.

मग आपण काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढलीत आणि प्रत्येक झाडाचे मूळ कुठे राहील व पान कुठे राहील, हे मलाच सांगायला लावलेत. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे, जाड खोड वाळूत पुरले की कुजते, म्हणून ती दोन्ही आपण काळ्या दगडाला दोऱ्याने बांधलीत. काठावर ब्राह्मी आली, कारण ती बुडूनही जगते आणि बाहेरही. वरच्या कोपऱ्यात हंसराज, आणि माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारे नायट्रेट शोषून घ्यावे म्हणून नुसती मुळे पाण्यात सोडलेला मनीप्लांट. लाकडावर लावलेले जावा मॉस खालचे पाणी वर ओढून घेते आणि सगळे लाकूड ओले ठेवते, हे पाहण्यात माझ्या कित्येक सकाळी गेल्या आहेत.

क्रिप्टोकोरायनी या पाणवनस्पतीबद्दल मात्र आपले विशेष आभार मानले पाहिजेत. लावल्यावर दहा दिवसांत तिची सगळी पाने विरघळली आणि मी ती काढून टाकणार होतो. आपण फोनवर मला थांबवलेत. रोपवाटिकेत ही झाडे बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, त्यामुळे पाण्याखाली गेल्यावर ती जुनी पाने टाकून पाण्याला साजेशी नवी पाने काढतात, असे आपण समजावलेत. आणि खरोखरच महिनाभराने वाळूतून तपकिरी, अरुंद पाने वर आली. याच झाडाच्या काही जाती सह्याद्रीतल्या ओढ्यांत उगवतात हे वाचून मी तिकडून आणायचे म्हणालो, तेव्हा आपण स्पष्ट नकार दिलात. तो मला पटला आहे. छाटलेले तुकडेही मी आता ओढ्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवतो; परकी वनस्पती पाणी कसे व्यापते, हे जलपर्णीने भरलेल्या नद्या पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

अनुबियासच्या खोडाला नवा फुटवा आला होता. चार पानांसह तो वेगळा करून छोट्या दगडाला बांधून ठेवला आहे. येत्या रविवारी तो बरणीत घालून आपल्याकडे घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
एक शेजारी