बाबांच्या ऑपरेशनची तारीख

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, न विचारता तारीख घेतली, रागावू नका. मामांच्या वेळी ‘बघू, बघू’ म्हणत थांबलो, ते पुन्हा नको.

नाकपुडीजवळची गाठ मटारएवढी, दुखतही नाही, खरंय. पण मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा, म्हणजे हा त्वचेचा कर्करोग, वरून दिसतो त्याहून आत बराच पसरलेला असतो, मज्जातंतूंच्या कडेने सरकतो. ओठाला मुंग्या येतात म्हणालात, तिथेच माझा जीव धसकला. अंदाजाने कापून टाके घातले तर मुळं राहतात आणि कित्येक वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून मोह्स पद्धत. तेवढाच भाग बधिर करून पातळ थर काढतात, गोठवून त्याच्या सगळ्या कडा आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी उरल्या असतील तिथलाच पुढचा थर. एका फेरीला तासभर तरी जातो. कापणं थोडं, बसून राहणंच जास्त. हा आजार लांबच्या अवयवांत फार क्वचित जातो, हे मात्र मनाशी धरा.

कडा स्वच्छ निघाल्यावरच नाक नव्याने बांधायचं. भुवईवरची कपाळाच्या कातडीची पट्टी रक्तवाहिनीसकट खाली वळवतील, नाकपुडी आत ओढली जाऊ नये म्हणून कानाची थोडी कूर्चा घालतील. हे काही नवं नाही. पुण्यात असंच नाक बांधल्याचं वर्णन 1794 साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापलं होतं.

आई, साधारण 3 आठवडे भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा पूल दिसेल. घाबरू नकोस, त्यातूनच रक्त येतं. नाकावरची कातडी तिथे रुजली की तो कापतात. तोवर चष्मा त्यावर टेकवायचा नाही. पेपर मी वाचून दाखवीन बाबा, तुम्ही मला गोष्टी वाचायचात तसा, आवाज बदलून.

तंबाखू आजपासून बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, पट्टी काळी पडते. इथे तुमचं काही ऐकणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारून. झोपताना दोन उशा, खाली वाकणं नाही. पहिले दोन दिवस पुलाच्या कडेने रक्त झिरपेल. आई, स्वच्छ गॉज हलकेच धर. पट्टी निळी-जांभळी फुगली किंवा पांढरी, गार पडली तर मध्यरात्रीही डॉक्टरांना फोन, मग मला.

नवं नाक सुरुवातीला जाडसर दिसेल, काही महिन्यांत बसेल. मी महिनाभर राहायला येते आहे. पुढे बटणं असलेले सदरे वर काढून ठेवा, डोक्यावरून घालायचे नकोत.

तुमची,
मनू