विषय: एअर रायफलच्या ४.५ मिमी बदली बॅरल किटमध्ये भोकाची जागा चुकलेली, पाना चुकीचा, सूचनापत्रक धोकादायक

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

तुमच्या सेवा केंद्रातल्या माणसाने आज बोलता बोलता फोन ठेवला, म्हणून हे लेखी. यापुढे फोनवर काहीही ऐकून घेणार नाही.

बॅरल तुम्हीच बनवता, पीसीपी (आधी हवा भरून ठेवायची) एअर रायफल तुमचीच आहे, तेव्हा ब्रीचची, म्हणजे बॅरल ज्यात बसतं त्या मागच्या भागाची, रचना तुम्हाला समजावून सांगत बसत नाही. दोष सांगतो. तुमच्या बदली बॅरलच्या खालच्या अंगाला हवेचं भोक आहे आणि वरच्या अंगाला ग्रब स्क्रूच्या, म्हणजे बॅरल आवळून धरणाऱ्या स्क्रूच्या, टोकासाठी शंकूसारख्या दोन खाचा. भोकाच्या मध्यापासून पहिल्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर जुन्या मूळ बॅरलवर १८.० मिमी भरतं, ब्रीचवरही तेवढंच. नव्या बॅरलवर ते १७.२ मिमी आहे. व्हर्नियर लावा आणि स्वतः बघा, तुमच्याकडे त्या बॅचचे नग पडलेच असतील.

हे ०.८ मिमी फोनवर तुमच्या माणसाला 'किरकोळ' वाटले. त्यामुळे काय होतं ते ऐका. स्क्रू सैल असताना बॅरल पुढेमागे सरकवून भोक बरोबर जुळवता येतं. ब्रीचच्या भोकातून ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घातला की तो अलगद बॅरलमध्ये उतरतो. पण स्क्रू आवळायला लागलं की त्याचं टोकदार नाक खाचेच्या उतारावर चढतं आणि बॅरलला ओढून आपल्या जागी नेतं. तोच दांडा मग कडेला अडतो. जितकं जास्त आवळाल तितकी चूक पक्की होते. बसवणाऱ्याचा हात कितीही सराईत असो, खाच चुकीच्या जागी पाडलेली असेल तर बॅरल बरोबर बसणारच नाही.

पुढचं नुकसान दोन ठिकाणी. भोकाची बाहेरची धार थेट ट्रान्सफर पोर्टच्या, म्हणजे हवा बॅरलमध्ये नेणाऱ्या वाटेच्या, ओ-रिंगवर (रबरी कडीवर) येते आणि आवळताना तिला कापते. आमच्याकडच्या दोन्ही ओ-रिंगांवर एकाच जागी चंद्रकोरीसारखी चीर आहे, त्या सोबत पाठवल्या आहेत. त्या चिरेतून दर फायरला वेगळी गळती होते, आणि हवेची वाटही अर्धवट झाकलेली राहते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघायला हवा. वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर तो १५१ ते १६८ मध्ये हेलकावे खातो. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एवढ्या फरकात आमच्या वर्गातल्या मुलाने सराव करायचा तरी कशाचा? आपला हात चुकला की रायफल, हे त्याला कळणारच नाही.

आता बर, म्हणजे भोक पाडताना कडेला उरलेली धारदार कोर. हवेचं भोक पाडल्यावर आतल्या बाजूने ते घासून साफ केलेलंच नाही. बोट आत जात नाही, पण तपासायला साधा उपाय आहे: ब्रीचकडून एक छर्रा पितळेच्या मऊ सळईने हळू ढकलत पुढून बाहेर काढायचा आणि भिंगाखाली बघायचा. प्रत्येक छर्‍याच्या स्कर्टवर (मागच्या पातळ कडेवर) एकच ओरखडा, आणि तोही भोकाच्या रेषेतच. हे छर्रेही सोबत आहेत. क्राऊनबद्दल, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडाच्या कडेबद्दल, तक्रार नाही. कापसाची काडी सगळीकडे फिरवली, धागा कुठे अडकला नाही. तेवढं काम नीट केलंत, ते मान्य.

तुमच्या माणसाचं उत्तर काय? "गोव्याची हवा दमट, गंज धरला असेल." गंज तपकिरी असतो, ठिपक्याठिपक्यांनी येतो, रायफलिंगवर (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांवर) कुठेही येतो. कापलेली कड चकचकीत असते आणि भोकाच्याच तोंडाशी असते. पावसाळ्यात इथल्या हवेचं काय करायचं हे आम्हाला नीट माहीत आहे: पंपाला सिलिका जेलचा फिल्टर, सरावानंतर बॅरलमधून तेलाचा हलका बोळा, आणि कव्हरमध्ये महिनोन्महिने बंद न ठेवणं. पाकीट फोडल्याबरोबर दिसलेली बर हवेने आलेली नसते.

आता किटमधल्या ॲलन कीविषयी, म्हणजे षट्कोनी पान्याविषयी. ग्रब स्क्रू एम५ चे, म्हणजे डोक्याला २.५ मिमीची की लागते. तुम्ही दिली आहे ३/३२ इंची, म्हणजे २.३८ मिमी. ती आत शिरते, म्हणून कुणाला संशय येत नाही. जोर दिला की फिरते आणि षट्कोनाचे कोपरे खाते. तसा गोल झालेला स्क्रू मग उलट्या आट्याच्या ड्रिलशिवाय निघत नाही, आणि ब्रीच ॲल्युमिनियमचं असल्याने आटे जायला वेळ लागत नाही. आम्ही आमची की वापरली म्हणून वाचलो. प्रत्येकाच्या घरी २.५ मिमीची की असते असं धरून चालू नका.

सर्वात गंभीर बाब सूचनापत्रकाची. पहिली ओळ आहे: 'जुने स्क्रू काढून बॅरल ओढावे.' सिलिंडर रिकामा करा, हे कुठेच नाही! २०० बार हवा भरलेली असताना ब्रीच उघडं करून त्यावर काम करायला तुम्ही लोकांना सांगता? धक्का लागून हॅमर (व्हॉल्व्हवर आपटणारा भाग) सुटला तर व्हॉल्व्ह उघडतो. पहिली पायरी एकच असू शकते: छर्रा नाही याची खात्री, मग सुरक्षित दिशेला धरून सगळी हवा सोडणं, गेजचा काटा शून्यावर, आणि त्यानंतरच दस्ता काढणं. पुढे तुम्ही ओ-रिंगला 'मशीन ऑइल' लावायला सांगता. उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियमचं तेल पेटू शकतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकंच. व्हाइसला मऊ जबडे लावा हेही लिहिलेलं नाही. नुसत्या पोलादी जबड्यात बॅरल धरलं की ओरखडे पडलेच. आमच्याकडे शाळकरी मुलं शिकतात. हे पत्रक त्यांच्या पालकांच्या हाती जातं.

आणि आता आजचा फोन. मी तक्रार क्रमांक सांगितला, मोजमापं सांगितली. पलीकडचा म्हणाला, "सर, गोव्याला कधीपर्यंत आहात?" मी म्हटलं, इथेच राहतो, डिचोलीला. "ते ठीक आहे, पण कायमचा पत्ता द्या, तिथे बदली नग पाठवू." हाच कायमचा पत्ता आहे, मी सांगितलं. "म्हणजे हॉटेलचा?" मी तालुका, पिनकोड सगळं परत सांगितलं. मग म्हणाला, "तिकडे सुट्टीत करमणुकीला नेमबाजी करत असाल तर एवढं काय मनावर घेताय? लाकडी हातोडीने मागून दोन ठोके द्या, भोक जुळेल." बॅरल हातोडीने ठोका म्हणतो तुमचा माणूस! खाचेत अडकलेल्या टोकदार स्क्रूवर! मी वरिष्ठांना जोडायला सांगितलं, तर "वरिष्ठ बाहेरगावच्या ग्राहकांशी बोलत नाहीत," आणि फोन बंद. त्याला कुणीतरी सांगा, डिचोली तालुक्यात माणसं जन्माला येतात, शाळेत जातात, कर भरतात आणि पैसे मोजून तुमचा माल घेतात. गोवा हे कुणाचं सुट्टीचं घर नाही.

आमच्या वर्गातल्या मुलांना पहिली रायफल घेताना आम्ही तुमचंच नाव सांगत आलो. आता सांगणार नाही, आणि याचं खरंच वाईट वाटतं.

मागण्या: १८.० मिमी अंतर तपासून बर काढलेलं बॅरल, दोन ओ-रिंगा, २.५ मिमीची की (परत लिहितो, ३/३२ इंची नको). दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च. या बॅचचं किट घेतलेल्या प्रत्येकाला लेखी सूचना. आणि हवा सोडण्याची पायरी सर्वात वर असलेलं नवं पत्रक, मराठीतही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. तुमचं कार्यालय कुठेही असो, तक्रार ग्राहक राहतो तिथे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्कही लागत नाही. पत्रक आणि कापलेल्या ओ-रिंगांचे फोटो मी जपून ठेवले आहेत.

प्रशिक्षक, शालेय नेमबाजी वर्ग
डिचोली, गोवा

सोबत: कापलेल्या ओ-रिंगा २, ओरखडे पडलेले छर्रे ५, चुकीची ॲलन की १, मोजमापांचा कागद, बिलाची प्रत. बॅरल आमच्याकडेच आहे. तुमच्या खर्चाने कुरिअर पाठवा, मगच सोडू.