मुखपृष्ठ देखणे, रफार भरकटलेला

संपादक महोदय,

वर्तमानपत्रात मी नव्या पुस्तकांच्या बातम्या आधी वाचतो, राजकारण नंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला ९७वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा पिशवीभर पुस्तके घेतली. मुखपृष्ठे देखणी, एका कथासंग्रहात मात्र रफार भलत्याच अक्षरांवर. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टंकायची, रफार अक्षरानंतर. युनिकोड या आजच्या प्रमाण संगणकीय अक्षरपद्धतीत क्रम उच्चाराचा. जुन्यातून नव्यात रूपांतर करताना इथेच गफलत होते. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरीला योग्य ‘कंपोजर’ (अक्षरजुळणीचा पर्याय) निवडला नाही, तर जोडाक्षरे मोडतात. मुखपृष्ठ आता एआय मिनिटात करून देतो म्हणे. देऊ द्या की! पण वाचलेला वेळ मुद्रितशोधकाच्या वाट्याला यावा. मी सध्या पेन्सिल घेऊन ‘सूर्य’ दुरुस्त करतोय. साठेक पाने उरली आहेत.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)