शितावरच न थांबलेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

नावाने नाही आठवणार, पण स्टीलच्या डब्यातून ब्लॉक घेऊन आलेली बाई म्हटलं की आठवेन. एप्रिलचं ऊन, एसटीचा प्रवास आणि बायोप्सीत काढलेले, मेणात बसवलेले माझ्या स्तनाचे तुकडे. वितळले तर काय, या धास्तीने मी डबा मांडीवर धरून आले होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अहो, एवढ्या उन्हाने नाही वितळत ते."

गाठ लागतच नव्हती. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक कण दिसले, सुईने बायोप्सी झाली, रिपोर्ट आला: अटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया, म्हणजे दुधाच्या नळ्यांतल्या पेशींची वेगळी दिसणारी वाढ, कॅन्सर नव्हे. पहिल्या डॉक्टरांनी कागद उभ्या उभ्या वाचला. "सुरुवातच आहे, पूर्ण स्तन काढून मोकळ्या व्हा," म्हणाले. माझ्या नवऱ्याने तर तारीखसुद्धा विचारली.

तुम्ही मात्र मला मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीला डोळा लावायला सांगितलंत. गुलाबी-जांभळी नक्षी, मधे गोल नळ्या, त्यातल्या एका नळीत दाटीवाटीने बसलेल्या एकसारख्या पेशी. "हेच दोन मिलिमीटरच्या पुढे पसरलेलं दिसलं असतं, तर मी वेगळं नाव लिहिलं असतं," तुम्ही म्हणालात. दोन मिलिमीटर! घरी येऊन मी पट्टीवर बघितलं.

मग म्हणालात, "शितावरून भाताची परीक्षा करतो आम्ही. पण इथे शितं चारच आहेत, भात अजून पातेल्यात आहे." म्हणून ती जागा, तेवढीच, काढून तपासायची. अशा रिपोर्टनंतर काहीजणींमध्ये शेजारीच कॅन्सर सापडतो, बहुतेकींमध्ये नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. सर्जन आणि रेडिऑलॉजिस्टला माझ्यासमोरच फोन लावलात: सुई कणांपर्यंत पोचली होती का, फोटोत आणि स्लाइडमध्ये मेळ बसतो का. आपल्याबद्दल तीन डॉक्टर एकमेकांशी बोलताहेत हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

ऑपरेशनच्या सकाळी मॅमोग्राफीखाली बारीक तार घातली. तारेच्या टोकाभोवतीचा लिंबाएवढा तुकडा काढला, त्याचाही एक्स-रे घेतला, कण आत आले आहेत ना हे बघायला. संध्याकाळी घरी. आठवड्याने तुमचा रिपोर्ट: तेच नाव, कॅन्सर नाही.

म्हणजे सुटले असंही तुम्ही म्हणू दिलं नाहीत. पाकिटाच्या मागे लिहून दिलंत: १०० पैकी ३० जणींना कॅन्सर, २५ वर्षांत. "आणि उरलेल्या ७० सुद्धा मोजा," हे तोंडी. दरवर्षी मॅमोग्राफी, तीही दोन्ही बाजूंची, कारण धोका दोन्हीकडे वाढतो. धोका कमी करणाऱ्या टॅमॉक्सिफेन गोळीचं विचारलं तर म्हणालात, "ते ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, मी स्लाइडवाली." विचारलं. रोज ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं. घ्यायची का, अजून ठरत नाही. तिने हॉट फ्लॅशेस (अंगातून गरम वाफा) येतात, आणि माझे ते आधीच चालू आहेत.

पेढे सर्जनकडे जातात, तुमच्या खोलीपर्यंत कुणी येत नाही. म्हणून हे पत्र. ब्लॉक "टाकू नका" म्हणाला होतात. कपाटात आहेत, त्याच डब्यात. सासूबाईंनी परवा तो शंकरपाळ्यांसाठी काढला होता, वेळेवर ओरडले.

आपली,
डबेवाली पेशंट