सुलोचनाबाईंच्या तबकड्या वाचवायच्या आहेत : समस्त पेठकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या 10 डिसेंबरला लावणीसम्राज्ञी सुलोचनाबाई चव्हाण यांचा स्मृतिदिन आहे. 2022 साली याच तारखेला बाई गेल्या. त्या रात्री कुणी निरोप दिला नव्हता, तरी आपल्या कोल्हापुरातल्या या कुस्तीच्या तालमीसमोर दीडदोनशे माणूस जमलं होतं. ग्रामोफोन बाहेर काढला, ‘सोळावं वरीस धोक्याचं’ लावलं, आणि एरवी एकमेकांकडं न बघणारे दोन गट एका बाकड्यावर बसून राहिले. ती रात्र ज्यांना आठवते त्यांच्यासाठी हे पत्र आहे. ज्यांना आठवत नाही त्यांनीही वाचावं.

बाई जन्मल्या गिरगावच्या फणसवाडीत, 13 मार्च 1933 ला. पण आपल्याच जिल्ह्यातल्या एका मास्तरांनी, म्हणजे जगदीश खेबुडकरांनी, ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटासाठी 1962 साली लावणी लिहिली, वसंत पवारांनी चाल बांधली, आणि बाईंनी त्या लावणीत नाव-गाव विचारणाऱ्याला कोल्हापूर सांगून टाकलं. तेव्हापासून बाई आपल्या. गिरगावकरांनी यावर हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

डोक्यावरून पदर, हात जागच्या जागी, आणि सगळा ठसका गळ्यात. गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. लहानपणी घरच्या ग्रामोफोनवर वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी लागायची, ती ऐकून गुणगुणायच्या आणि आईची बोलणी खायच्या. लावणीत कुठला शब्द कसा फेकायचा ते पुढं पती श्यामराव चव्हाणांनी शिकवलं. सम्राज्ञी हा किताब आचार्य अत्र्यांचा. सरकारला पद्मश्री द्यायला मात्र 2022 उजाडलं, म्हणजे बाईंचं शेवटचं वर्ष. असो. सांगायचं ते एवढंच की बाई स्वतः तबकडीवरून लावणी शिकल्या, आणि त्यांच्या तबकड्या आज आपल्या तालमीच्या कपाटात कुजत आहेत.

हा संग्रह कसा जमला हे नव्या पोरांना माहीत नाही. आपले जुने वस्ताद (देव त्यांना सुखात ठेवो) आखाड्यात गाणं चालू देत नसत. पण संध्याकाळी माती झटकून झाली की स्वतःच्या हातानं पिन बदलून बाईंची एक बाजू ऐकायची, हा त्यांचा नेम. पेठेतले ड्रायव्हर गुळाच्या गाड्या घेऊन मुंबईला जायचे, त्यांना वस्तादांची ताकीद असे : येताना तबकडी आणायची, आणि फुटली तर पैसे मागायचे नाहीत. मग ती मंडळी रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यात मधोमध तबकडी घालून आणत. वाटेत एकही फुटली नाही असं ते सांगत. आम्ही विश्वास ठेवतो. पुढं कोपऱ्यावरच्या टेलरकाकांच्या पत्नींनी काकांच्या माघारी त्यांच्या 62 तबकड्या तालमीला दिल्या, सोबत काकांच्या अक्षरातली यादी. त्या यादीतलं प्रत्येक गाणं कुठल्या साली कुणाच्या लग्नात वाजवलं तेही लिहिलंय! आणि फुटाणेवाल्या मावशींना कसं विसरणार? कपाटासाठी पहिले 501 रुपये त्यांचे. पावती नको म्हणाल्या, ‘कळीदार कपुरी पान’ लावा म्हणाल्या.

2019 च्या पुरात पाणी तालमीच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. 2021 च्या जुलैत मात्र पंचगंगा थेट आत शिरली आणि कपाटाचे खालचे दोन खण दोन दिवस पाण्यात होते. लाखेची तबकडी पाण्यानं लगेच मरत नाही. पण खाचेत गाळ बसतो, मधला कागद सुटतो, आणि कागद गेला की कुठलं गाणं, कुणाची चाल, सगळं गेलं. वाजवून बघावं तर गाळावरून फिरणारी पिन उरलंसुरलं गाणंच खरवडून काढते.

लोक म्हणतात, यूट्यूबवर सगळं आहे की. सगळं नाही. गाजलेली गाणी तेवढी आहेत. बाईंनी हिंदी, गुजराती, भोजपुरीतही गायलंय. लग्नाआधी त्या सुलोचना कदम होत्या. ‘ढोलक’ या 1951 च्या हिंदी चित्रपटात त्याच नावानं गायल्या. तेव्हा घरात कदम नावाची तबकडी सापडली तर भंगारात घालू नका, ती आपलीच बाई. (मागच्या वेळी एका उत्साही कार्यकर्त्यानं हार घालायला अभिनेत्री सुलोचनादीदींचा फोटो आणला होता. दीदीही आपल्याच, पण यंदा फोटो आधी मला दाखवावा.)

आता थोडं मनातलं. दोन वर्षांपूर्वी याच कामासाठी फळ्यावर नोटीस लावली, ग्रुपवर टाकली. रेकॉर्ड डिजिटल करणार असं लिहिलं, तर अर्ध्या पेठेला वाटलं चौकात बाईंचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लागणार, आणि आपला फोटो त्यात कुठं येणार याचीच चौकशी आली. बैठकीला अकरा जण. त्यातले चार चहाला. त्याच महिन्यात डॉल्बीसाठी एका संध्याकाळी लाखाच्या वर जमले. कुणाच्या उत्साहावर बोट ठेवत नाही, पण तो आकडा वहीत लिहिताना माझा हात जड झाला होता.

यंदा चालढकल जमणार नाही. तबकड्या धुऊन, वाळवून, गाणी उतरवून देणारे जाणकार डिसेंबरात आठ दिवस यायला तयार झालेत. त्यानंतर त्यांना सवड नाही.

खर्च असा : मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाची फिरती मशीन आणि जाड खाचेच्या वेगळ्या पिना (एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची, पिन चालत नाही) 48,000, जाणकारांचं मानधन व राहणं 40,000, माडीवर लोखंडी कपाट, तबकड्या उभ्या राहतील असं, 27,000, कागदी पाकिटं व किरकोळ 10,000, एकूण 1,25,000, पैकी तालमीकडं शिल्लक 31,400, बाकी जमवायचे आहेत. रोख रक्कम तालमीत सायंकाळी 7 ते 9 खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी. क्यूआर कोड दारावर आहे, रक्कम टाकल्यावर नाव कळवावं, मागच्या वेळचे तीन ‘अज्ञात’ अजून सापडलेले नाहीत. आयकर सवलत नाही. मुदत 30 नोव्हेंबर. उतरवलेली गाणी तालमीत बसून ऐकता येतील, नेटवर टाकली जाणार नाहीत, हक्कांचा प्रश्न आहे. पैसे नसतील त्यांनी धुण्याच्या कामाला हात द्यावा, फक्त तंबाखूचे नकोत. 10 तारखेला सायंकाळी 6 वाजता ढोलकीसह कार्यक्रम, महिलांसाठी पुढची बैठक राखीव.

आपला नम्र,
सचिव, तालीम कार्यकारी मंडळ

ता. क. 2021 च्या पुरात वाळवायला म्हणून काही जणांनी तबकड्या घरी नेल्या होत्या. टेलरकाकांच्या यादीशी ताडून बघता 14 कमी आहेत. माळ्यावर बघावं. रात्री तालमीच्या कट्ट्यावर आणून ठेवल्या तरी चालेल, कुणी काही विचारणार नाही.